आळशी शिसे आणि उतावीळ लोखंड

१९८८-८९ची गोष्ट. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला एक तालुका होता. बारावीनंतर शिक्षण सुटले आणि मी बॅटरी दुरुस्तीच्या एका दुकानात उमेदवारीला लागलो. ट्रॅक्टर, जीप आणि मंडपवाल्यांच्या बॅटऱ्या रात्रभर चार्जिंगला लागलेल्या असत. पहाटेकडे प्रत्येक सेलमधून बारीक खदखदण्याचा आवाज येऊ लागे. त्या खोलीत बिडी ओढायला सक्त मनाई होती. सकाळी माझे पहिले काम म्हणजे बुचे उघडून डिस्टिल्ड वॉटर भरणे. एकदा मी विचारले, "उस्ताद, हे पाणी जातं कुठं?" उस्ताद म्हणाले, "उडून जातं. तू टाकत राहा."

काही वर्षांनी 'मेंटेनन्स-फ्री' बॅटऱ्या आल्या. त्यांत पाणी टाकावे लागत नव्हते. ॲसिड तेच, शिशाच्या प्लेटा त्याच, आकारही तोच. मग पाणी 'उडायचे' का थांबले? दुकानात या प्रश्नाचे उत्तर कोणाकडे नव्हते. ते शोधताना मी जुन्या पाठ्यपुस्तकांपासून विद्यापीठांतल्या प्रबंधांपर्यंत पोहोचलो आणि गेली पंचवीस-तीस वर्षे त्याच वाटेवर आहे. उत्तर एका ओळीचे आहे. प्लेटेच्या जाळीत पूर्वी शिशाबरोबर अँटिमनी असे, पुढे त्याऐवजी कॅल्शियम आले. एवढ्याशा बदलाने पाणी फुटायचे जवळजवळ थांबले. सगळा खेळ द्रावणाचा नसून त्यात बुडवलेल्या पृष्ठभागाचा असतो, हे मला तेव्हा प्रथम कळले.

आज 'ग्रीन हायड्रोजन', 'सुपरकपॅसिटर', 'नव्या इलेक्ट्रोडचा शोध' हे शब्द वर्तमानपत्रांत वरचेवर दिसतात. हे संशोधन आपल्याच विद्यापीठांत, नांदेड-कोल्हापूरला चालते. पण त्यातले नेमके काय कोणाच्या कामाचे आहे, हे सांगणारे मराठीत फारसे कोणी भेटत नाही. म्हणून हा लेख.

हळदीच्या पाण्यातला प्रयोग

आमच्या वसमतची हळद प्रसिद्ध आहे. २०२४मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. हळदीत चुना मिसळला की कुंकू होते, हे घरोघरी ठाऊक असते. अल्कली लागताच हळद लाल होते, एवढाच त्याचा अर्थ. आता पेल्याभर पाण्यात चिमूटभर हळद आणि चमचाभर मीठ घाला. दोन पेन्सिली दोन्ही टोकांना तासून पाण्यात उभ्या करा आणि वरची टोके नऊ व्होल्टच्या बॅटरीला जोडा. (प्रयोग अंगणात, उघड्यावर आणि दोन-तीन मिनिटांपुरताच करावा.) ऋण टोकाला जोडलेल्या पेन्सिलीवर बुडबुडे येतात आणि तिच्याभोवती लाल रंग उमटतो. दुसऱ्या पेन्सिलीजवळ हळदीचा रंग विटतो आणि ब्लिचिंग पावडरीसारखा वास येतो.

बुडबुडे हायड्रोजनचे. पाण्याच्या रेणूतून हायड्रोजन निघून गेला की मागे अल्कली उरते, म्हणून लाली. दुसरीकडे मिठातला क्लोरीन सुटतो, म्हणून वास. मीठ नसते, तर तिथे ऑक्सिजन सुटला असता. पण पाहण्यासारखी गोष्ट अशी की लाली पेल्याभर एकदम पसरत नाही. ती पेन्सिलीच्या त्या काळ्या टोकाशी सुरू होते. वीज धातूतून इलेक्ट्रॉनच्या रूपाने येते आणि पाण्यातून आयनांच्या रूपाने वाहते. दोहोंची गाठ पडते ती फक्त या सीमेवर. मायकेल फॅरडेने १८३४मध्ये तिला 'इलेक्ट्रोड' हे नाव रूढ केले. आपल्या पाठ्यपुस्तकांत विद्युतअग्र, धनाग्र, ऋणाग्र हे शब्द आहेत. बॅटरी असो वा हायड्रोजन बनवणारा इलेक्ट्रोलायझर, विजेचे रसायन आणि रसायनाची वीज होते ती याच सीमेवर.

शिशाचा आळस

आता दुकानातल्या बॅटरीकडे परत येऊ. पाणी फोडायला किमान १.२३ व्होल्ट पुरतात, असे ऊष्मागतिकी सांगते. शिशाच्या बॅटरीचा एक सेल मात्र दोन व्होल्टचा असतो आणि चार्ज करताना तो २.४ व्होल्टपर्यंत जातो. हिशेबाप्रमाणे त्यातले पाणी बसल्या बसल्या फुटून जायला हवे. म्हणजे ही बॅटरी चालायलाच नको! तरीही गास्तों प्लांते याने १८५९मध्ये बनवलेली ही बॅटरी आजही प्रत्येक ट्रॅक्टरमध्ये आहे. याला कारण एकच. हायड्रोजन बनवण्याच्या कामात शिसे कमालीचे आळशी आहे.

हायड्रोजनचा वायू होण्यासाठी त्याचे अणू आधी धातूच्या पृष्ठभागावर टेकावे लागतात, मग जोडीने सुटावे लागतात. धातूने त्यांना पाहुण्यासारखे वागवले पाहिजे: दारातून परतवू नये आणि धरूनही ठेवू नये. शिसे दारातूनच परतवते. टंगस्टनसारखे धातू पाहुण्याला सोडत नाहीत. प्लॅटिनमला हे यजमानपण नेमके जमते, म्हणून शिशाच्या तुलनेत त्यावर हायड्रोजन बनण्याचा स्वाभाविक वेग अब्जपटीच्या घरात आहे. अँटिमनी शिशाइतका आळशी नाही. जुन्या बॅटरीत तो धन प्लेटेच्या जाळीतून विरघळे, ऋण प्लेटेवर जाऊन बसे आणि तिथून बुडबुडे सुरू होत. मी रोज सकाळी भरत होतो ते पाणी अँटिमनीने फोडलेले होते.

बॅटरीवाल्याला पृष्ठभाग आळशी हवा, कारण त्याच्या लेखी बुडबुडा म्हणजे वाया गेलेली वीज आणि स्फोटाचा धोका. हायड्रोजनवाल्याला तोच पृष्ठभाग चपळ हवा, कारण बुडबुडा हाच त्याचा माल. एकाचा दोष तो दुसऱ्याचा गुण. इलेक्ट्रोडच्या पदार्थांची सगळी विद्या या वाक्याभोवती फिरते, असे मला वाटते. त्याचा सर्वांत चांगला दाखला लोखंडाचा आहे.

निकेलच्या घरात लोखंड

१९००च्या आसपास स्वीडनमध्ये वाल्डेमार युंगनर आणि अमेरिकेत थॉमस एडिसन यांनी निकेल आणि लोखंडाची बॅटरी बनवली. तिच्यात ॲसिड नसून अल्कली, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण असते. धन बाजूला निकेल हायड्रॉक्साइड असते. चार्ज करताना ते एक इलेक्ट्रॉन आणि एक प्रोटॉन सोडते, डिस्चार्ज होताना ते परत घेते. विजेची साठवण ती हीच. बॅटरी दणकट, दशकानुदशके टिकणारी. पण तिची एक खोड होती. चार्ज करताना ती बरीच वीज वायू बनवण्यात घालवी. धन बाजूच्या निकेलमध्ये लोखंडाचा अंश शिरला, की तिथे ऑक्सिजन लवकर सुटू लागे आणि चार्ज नीट भरत नसे. म्हणून बॅटरी उद्योगात निकेलमधले लोखंड म्हणजे विष मानले गेले.

१९८७मध्ये डेनिस कॉरिगन या अमेरिकी संशोधकाने या विषाकडे उलट बाजूने पाहिले. निकेल ऑक्साइडच्या पातळ थरात लोखंडाचा लवलेश असला तरी ऑक्सिजन बनण्याची क्रिया कितीतरी सोपी होते, हे त्याने मोजून दाखवले. पाणी फोडण्यातला खरा अडथळा ऑक्सिजनच्याच बाजूला असतो. हायड्रोजनच्या रेणूसाठी दोन इलेक्ट्रॉनांची देवघेव पुरते, ऑक्सिजनच्या रेणूसाठी चार लागतात आणि प्रत्येक पायरीवर विजेची खोट बसते. २०१४मध्ये ओरेगॉन विद्यापीठातल्या शॅनन बोएचर यांच्या गटाने आणखी पुढची गोष्ट सिद्ध केली. निकेलची म्हणून जी कर्तबगारी इतकी वर्षे मोजली जात होती, तिचा मोठा वाटा बाजारच्या अल्कलीतून नकळत आलेल्या लोखंडाचा होता. द्रावण कसोशीने शुद्ध केले, तर निकेल एकटे अगदी सामान्य ठरते. आज अल्कलीत ऑक्सिजन बनवण्यासाठी निकेल-लोखंडाचे मिश्रण सर्वोत्तम पदार्थांत गणले जाते.

याच जोडीच्या जोरावर नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठात फोको मुल्डर यांच्या गटाने २०१७मध्ये 'बॅटोलायझर' मांडला. बॅटरी भरेपर्यंत निकेल-लोखंड वीज साठवतात. भरल्यावरही वीज येत राहिली, तर तेच इलेक्ट्रोड पाणी फोडतात. एडिसनला जी खोड वाटली, तीच इथे कामाला लावली आहे.

हे महत्त्वाचे का? कारण दुसरा मार्ग महाग आहे. ॲसिडी पडद्याच्या इलेक्ट्रोलायझरमध्ये ऑक्सिजनच्या बाजूला इरिडियम लागते आणि साऱ्या जगात वर्षाला इरिडियम निघते ते जेमतेम सात-आठ टन. निकेल आणि लोखंडाची तशी टंचाई नाही.

कोल्हापूरचा बीकर, नांदेडची प्रयोगशाळा

असे पातळ थर बनवायचे कसे? श्रीमंत प्रयोगशाळांत त्यासाठी निर्वात यंत्रे असतात, किंमत कोट्यवधींत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. सी. डी. लोखंडे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अनेक वर्षे वेगळी वाट तुडवली: बीकर, पाण्याचा हीटर, साधे क्षार आणि संयम. आर. एस. माने आणि लोखंडे यांनी २०००मध्ये या रासायनिक पद्धतीचा जो आढावा प्रसिद्ध केला, त्याचे संदर्भ जगभरचे संशोधक आजही देतात. एच. एम. पठाण आणि लोखंडे यांचा २००४चा आढावाही तसाच.

पद्धती दोन आहेत आणि दोन्ही स्वयंपाकघरातून समजतात. पहिली विरजणासारखी. धातूचे आयन अमोनियासारख्या पदार्थाने धरून ठेवायचे आणि हळूहळू सोडायचे. सावकाश झाले की काचेवर वा स्टीलच्या पत्र्यावर एकसंध थर धरतो. घाई केली की सगळे फाटून तळाशी बसते. दुसरी बुडवण्याची. पत्रा धातूच्या क्षारात बुडवा, पाण्यात खळबळा, मग दुसऱ्या द्रावणात बुडवा, पुन्हा खळबळा. एका फेरीत थर वाढतो तो नॅनोमीटरच्या हिशेबात. अशा पन्नास-शंभर फेऱ्या. फ्रान्समध्ये निकोलाऊ यांनी १९८५च्या सुमारास मांडलेल्या या पद्धतीचे इंग्रजी लघुरूप 'सिलार'. आधी हे थर सौरघटांसाठी बनत. पुढे हीच विद्या सुपरकपॅसिटर आणि पाणी फोडणाऱ्या इलेक्ट्रोडांकडे वळली.

कोल्हापुरात तयार झालेले प्रा. माने पुढे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात आले. १९९४मध्ये स्थापन झालेले हे आमचे विद्यापीठ. हिंगोलीची महाविद्यालये त्याच्याच कक्षेत येतात. निकेल, कोबाल्ट, मँगनीज, लोखंड यांची ऑक्साइडे, हायड्रॉक्साइडे, सल्फाइडे असे अनेक पदार्थ त्यांच्या गटाने याच साध्या रासायनिक पद्धतींनी बनवून तपासले आहेत. मराठवाड्यातला मुलगा बसने नांदेडला जाऊन जागतिक दर्जाच्या नियतकालिकात छापून येणारे काम करतो, याचे मोल मोठे आहे. यंत्र नव्हते म्हणून विद्या थांबली नाही. उलट, स्वस्तातली विद्या उभी राहिली.

ग्रॅमचा विक्रम आणि चौरस मीटरचे वास्तव

पण कौतुकाबरोबर हिशेबही मांडला पाहिजे. शोधनिबंधात सहसा लिहिलेले असते: या पदार्थाची क्षमता ग्रॅममागे एक-दोन हजार फॅरड, पाच हजार फेऱ्यांनंतरही नव्वद टक्के शाबूत. आकडा खोटा नसतो. मात्र त्या पत्र्यावर पदार्थ असतो चौरस सेंटिमीटरला एखादा मिलिग्रॅम. म्हणजे ग्रॅममागे हजार असले, तरी हातात पडतो एक फॅरड. थर जाड केला की आतल्या भागापर्यंत आयन पोचत नाहीत आणि ग्रॅममागचा आकडा घसरतो. युरी गोगोत्सी आणि पॅट्रिस सिमॉन यांनी २०११मध्ये 'सायन्स' नियतकालिकात नेमका हाच इशारा दिला होता: बाजारातल्या सुपरकपॅसिटरमध्ये चौरस सेंटिमीटरला सुमारे दहा मिलिग्रॅम पदार्थ असतो, तेव्हा पिसाएवढ्या थरावरचे आकडे थेट यंत्राला लावू नयेत. दुसरी गल्लत मापाची. निकेल हायड्रॉक्साइड हा बॅटरीचा पदार्थ आहे. त्याचे माप फॅरडमध्ये देणे म्हणजे दूध मीटरने मोजणे. २०१५मध्ये ब्रूस, बेलांजे आणि लाँग यांनी यावर स्पष्ट लिहिले, तरी सवय गेलेली नाही.

हायड्रोजनचेही तसेच. प्रयोगशाळेत इलेक्ट्रोड काही तास वा काही दिवस चालवून पाहतात. कारखान्याला तो वर्षानुवर्षे हवा. पण तिथे दशांश व्होल्टलाही किती किंमत आहे पाहा. एक किलो हायड्रोजन काढायला, फॅरडेच्या नियमानुसार, दर व्होल्टमागे सुमारे २६.६ युनिट वीज लागते. सेल १.९ व्होल्टवर चालला तर साडेपन्नास युनिट, १.८वर चालला तर अठ्ठेचाळीस. राष्ट्रीय ग्रीन हायड्रोजन मिशनला जानेवारी २०२३मध्ये मंजुरी मिळाली. २०३०पर्यंत वर्षाला ५० लाख टन हे त्याचे उद्दिष्ट. तेवढ्या उत्पादनावर ०.१ व्होल्टची बचत म्हणजे वर्षाला सुमारे १,३०० कोटी युनिटांची बचत. चांगल्या इलेक्ट्रोडचा अर्थ हा आहे.

मराठवाड्यात पुढचा प्रश्न पाण्याचा येणारच. किलोभर हायड्रोजनला नऊ लिटर पाणी फुटते. ५० लाख टनांना ४५ दलघमी. आमच्या येलदरी धरणाचा उपयुक्त साठा सुमारे ८१० दलघमी, म्हणजे साऱ्या देशाच्या उद्दिष्टाला त्याचा अठरावा हिस्सा. शुद्धीकरण आणि थंड ठेवण्याचे पाणी धरले तर दुपटी-तिपटीने जास्त. देशाच्या दृष्टीने हे फार नाही. पण कारखाना ज्या तालुक्यात उभा राहील, तिथल्या टँकरच्या उन्हाळ्यात ते फारच असू शकते. शिवाय बोअरचे जड पाणी चालत नाही. बादलीतल्या हीटरच्या कॉइलवर पांढरा खार धरतो, तसा तो ऋणाग्रावरही धरतो. कारण तिथे अल्कली तयार होत असते. हळदीच्या पाण्यातली लाली आठवा.

कोणत्या कामाला काय

आमच्या भागात शेतीपंपाला थ्री-फेज वीज आळीपाळीने, कधी दिवसा, कधी रात्री मिळत आली आहे. रात्री दोनला बॅटरी घेऊन ऊस-हळदीला पाणी द्यायला जाणारा माणूस पायाखाली साप नाही ना, हे बघत चालतो. तेव्हा दिवसाची सौर वीज रात्रीसाठी साठवणे, हा इथे जिवाचा प्रश्न आहे. पाच एचपीची मोटार आठ तास चालवायची, तर ३५-४० युनिट लागतात. आजच्या सुपरकपॅसिटरमध्ये ती साठवायची, तर सात-आठ टनांचा ढीग लागेल. शिशाच्या बॅटऱ्या अर्ध्यापर्यंतच रिकाम्या करायच्या, तर दोन टन. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या तीनेकशे किलो. आणि हायड्रोजन? सव्वादोन किलो पुरतो. पण तो बनवायला ११०-११५ युनिट वीज जाते, म्हणजे दोन तृतीयांश वाटेतच संपते. म्हणून पंपासाठी हायड्रोजन हे उत्तर नव्हे. सर्वांत स्वस्त साठवण म्हणजे दिवसाच उपसून शेततळ्यात ठेवलेले पाणी.

मग हायड्रोजन कुठे? युरियाच्या गोणीत. युरियासाठी अमोनिया लागतो, अमोनियासाठी हायड्रोजन, आणि तो आज प्रामुख्याने नैसर्गिक वायूतून निघतो. त्यातला बराच वायू आयात होतो. पंजाबातल्या नांगल इथल्या खत कारखान्यात १९६०च्या दशकात भाक्रा धरणाच्या विजेने पाणी फोडूनच हायड्रोजन काढत. म्हणजे ही वाट आपल्याला नवी नाही. ती पुन्हा परवडेल का, हे विजेच्या दरावर आणि इलेक्ट्रोडवर ठरेल. सुपरकपॅसिटरलाही त्याची जागा आहे. क्षणार्धात जोर घ्यायचा किंवा द्यायचा, तोही लाखो वेळा, असे काम बॅटरीला झेपत नाही. बसच्या ब्रेकची ऊर्जा पकडणे हे त्यातले एक.

म्हणून नव्या इलेक्ट्रोडची बातमी वाचाल, तेव्हा चार प्रश्न विचारावेत. पदार्थ चौरस सेंटिमीटरला किती होता? किती तास चालवला? त्यात कोणता धातू आहे आणि तो कुठून येतो? आणि हे कोणत्या कामासाठी? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे निबंधात सापडतात. चौथ्याचे उत्तर प्रयोगशाळेने एकटीने द्यायचे नसते. नांदेडचा विद्यार्थी बीकरमध्ये शंभरावी बुडी देत असेल, तेव्हा त्याच्यासमोर ग्रॅमचा विक्रम आहे की वसमतचा शेतकरी, हे विद्यापीठाने, शासनाने आणि आपणही ठरवायचे आहे. चौरस सेंटिमीटरचा पत्रा चौरस मीटरचा करणारी आणि तो वर्षभर अखंड चालवून पाहणारी एखादी सोय मराठवाड्यात उभी राहिली, तर हे ठरवणे सोपे जाईल.

उस्ताद आता नाहीत. पाणी उडून जात नव्हते, फुटत होते, हे त्यांना सांगायचे राहून गेले. सांगितले असते तर त्यांनी नक्की विचारले असते, "मग ते भरून कशात ठेवायचं आणि विकायचं कोणाला?" त्यांचा प्रश्न बरोबरच ठरला असता.